शिकागोमध्ये दोनच दिवस मुक्काम असेल, तर काय पाहावे?

दोन दिवसांत शिकागो पाहायचे असेल, तर सुरुवात नदीतून इमारती दाखवणाऱ्या बोटफेरीने करावी. १८७१ च्या भीषण आगीनंतर नव्याने उभ्या राहिलेल्या या शहराने गगनचुंबी इमारतींची कला कशी घडवली, हे सुमारे दीड तासात पाण्यावरूनच उमगते. मिलेनियम पार्कमध्ये मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचे आरशासारखे लखलखणारे ‘क्लाउड गेट’ हे शिल्प आहे. तेथून चालत आर्ट इन्स्टिट्यूट गाठावे आणि तेथे निदान अर्धा दिवस द्यावा, कारण चित्रसंग्रह तर थोर आहेच, शिवाय ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेतील आपले पहिले भाषण याच वास्तूत केले; माझ्या मते भारतीय प्रवाशाने हे स्थळ कधीही चुकवू नये. विलिस टॉवरच्या १०३ व्या मजल्यावर मात्र आकाश निरभ्र असेल तरच जावे.