इंग्लिश बोलायला घाबरणारी पोरगी वर्ल्ड स्कॉलर्स कपला पाठवायची का?

"मॅडम, पोरीला पेपरात इंग्लिशला चांगले मार्क पडतात, पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही बघा, मग या इंटरनॅशनल कॉम्पिटिशनला पाठवायचं की नको?" सोलापुरात शाळेत वर्ल्ड स्कॉलर्स कपची नोटीस फिरली की हा प्रश्न येतोच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटेल ते सगळं बदललंय.

नववीतली मुलगी, सेमी इंग्लिश, घर अशोक चौकाकडं. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, वडील टॉवेलच्या कारखान्यात. इतिहास आणि सायन्स पक्कं म्हणून सरांनी तिला टीममध्ये घेतलं, आणि नाव दिल्यापासून सकाळी पोटात दुखायला लागलं, ते पण फक्त प्रॅक्टिसच्या दिवशी, रविवारी बाईसाहेब ठणठणीत. (तरी आधी डॉक्टरला दाखवा हं, यांनी दाखवलं होतं, सगळं नॉर्मल निघालं.)

मी विचारलं, तिथं नेमकं काय होईल असं वाटतं? "उभी राहीन, मध्येच अडकेन, सगळे हसतील." आधी कधी हसलेत का? मग हळूहळू निघालं. सहावीत धडा वाचताना वेन्सडेला वेडनेसडे म्हणाली, अख्खा वर्ग हसला आणि शिकवणारेही हसले. त्यानंतर वर्गात हात वर करणं बंद.

आईचं म्हणणं, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का. मी म्हटलं थांबा. भीती हसण्याची आहे, क्लासमध्ये पण चार पोरं असणारच की, तिथं पण ही गप्पच बसेल. आधी ज्याची भीती वाटते ते आहे तरी काय ते बघू, कारण तिच्या डोक्यात ती स्पर्धा म्हणजे भरल्या हॉलमध्ये एकटीनं भाषण ठोकायचं अशी होती.

मग स्पर्धेची माहिती घेऊन दोघी बसलो. 2006 मध्ये सुरू झालेली स्पर्धा, टीम तिघांची, विषय सहा, प्रकार चार. स्कॉलर्स चॅलेंज म्हणजे पर्यायांचा पेपर, तोंड उघडायचंच नाही, आणि खात्री नसली तर एकापेक्षा जास्त पर्याय मार्क करता येतात, मार्क तेवढे कमी मिळतात. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. बाऊल म्हणजे तिघांनी मिळून क्विझ. लेखनात आधी एकमेकांशी चर्चा चालते, लिहून झाल्यावर एकमेकांचं तपासता पण येतं. राहिली डिबेट. तिथं विषय कळल्यावर पंधरा मिनिटं तयारीला, प्रत्येकाला जास्तीत जास्त चार मिनिटं, समोर दुसरी टीम आणि जज, बस. आणि शेवटी दोन्ही टीम एकमेकांना फीडबॅक देतात. एवढ्या सगळ्यात भीतीची जागा म्हणजे ती चार मिनिटं.

त्या चार मिनिटांसाठी पायऱ्या केल्या. आधी मुद्दा तेलुगूत मोबाईलवर रेकॉर्ड करायचा, मग तोच इंग्लिशमध्ये, कुणाला ऐकवायचा नाही. मग धाकट्या भावासमोर, तो मेला हसणारच, हसू दे. मग टीममधल्या दोघांसमोर, आणि त्यात एक शब्द मुद्दाम चुकीचा म्हणायचा आणि तसंच पुढं बोलत राहायचं. यावर ती माझ्यावर चिडली होती, पण केलं तिनं. दोघांपैकी एकाच्या लक्षातही आलं नाही, दुसरा म्हणाला, "मुद्दा भारी होता, परत सांग." पोटदुखी लगेच थांबली नाही, पण तिसऱ्या पायरीनंतर प्रॅक्टिस चुकवणं थांबलं.

पालकांना एवढंच म्हणते, रोज "इंग्लिशमध्ये बोल, इंग्लिशमध्ये बोल" करू नका आणि पुण्यातल्या मावसभावाचं उदाहरण तर अजिबात नको. आणि सगळं करूनही मूल नको म्हणालं तर नको, ही काही दहावीची परीक्षा नाही.

रिजनल राउंडला, म्हणजे पहिल्या फेरीला, ती पहिल्या डिबेटमध्ये दीड-दोन मिनिटांत खाली बसली, तिसऱ्यात जवळपास पूर्ण वेळ बोलली. टीम ग्लोबल राउंडला पात्र ठरली, तो परदेशात, त्यापुढची शेवटची फेरी तर अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत. वडिलांनी तिला समोर बसवून खर्चाचा आकडा सांगितला, एवढं जमणार नाही म्हणाले. सबबी सांगितल्या नाहीत हे मला फार बरं वाटलं. ती दोन दिवस फुगून होती, मग म्हणाली, पुढच्या वर्षी रिजनलची फी तरी भराल ना? भरतो म्हणालेत.