स्प्रिंग कापली, गाडी उडायला लागली

वाचकांचे प्रश्न, सांगलीतल्या एका जुन्या अलाइनमेंटवाल्याची उत्तरं

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातला, डिप्लोमा झालेला. ब्रिटनमध्ये 1957 साली आलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर दोन सीटची उघडी गाडी दोन वर्षं खपून घरच्या गोठ्यात उभी केली. चेसी एक इंची चौकोनी पाइपची. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल ओम्नीचा. पुढचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेले खांब) आणि चाकाला खालून धरणारे लोअर आर्मही तिचेच. स्टिअरिंगची रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी) मात्र जुन्या बाजारातून आणलेली, दुसऱ्याच गाडीची. गाडी पुढून उंच दिसायची म्हणून स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापला. आता शेताच्या वाटेवर 30 च्या वेगालाही गाडी उडते, चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग आपोआप हिसका देतं, आणि वळण संपलं तरी ते सरळ येत नाही, हातानं आणावं लागतं. महागातले ॲडजस्टेबल शॉकॲब्सॉर्बर घेऊ का? कारखान्याच्या काट्यावर रिकामी गाडी 540 किलो भरली.

उत्तर : शॉकअपचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. दोन वर्षं खपलात, त्याबद्दल आधी शाबासकी घ्या, आणि मग कापलेल्या स्प्रिंगबद्दल थोडं ऐकून घ्या.

मीही कापली आहे. धंद्यात नवा होतो, गिऱ्हाइकाला मारुती 800 खाली बसलेली हवी होती. हॅक्सॉ घेतला आणि कापली. गाडी दिसायला झक्क झाली. आठवड्यानं तो आईला मागच्या सीटवर बसवून आला. म्हातारी उतरली आणि मला एवढंच म्हणाली, "बाळा, बैलगाडी बरी." तेव्हा उलगडा झाला नव्हता, पुढे झाला. स्प्रिंग कापली की ती मऊ होत नाही, कडक होते. काम करणारे वेढे जितके कमी, तितका कडकपणा जास्त. तुमच्या स्प्रिंगला असे साडेसात वेढे असतील आणि दीड गेला असेल, तर कडकपणा चांगला पाव हिश्शानं वाढला. मुळात ती स्प्रिंग माणसं आणि माल भरलेल्या व्हॅनसाठी वळलेली. तुमची गाडी पुढून उंच दिसत होती ती स्प्रिंग लांब होती म्हणून नव्हे, वर बसायला वजनच नव्हतं म्हणून.

तेव्हा आधी वजन. कारखान्याचा काटा उसाच्या ट्रॉलीसाठी असतो, त्यावर एकेका चाकाचा हिशेब लागत नाही. आमच्याकडे मार्केट यार्डात हळदीची पोती मोजायचे प्लॅटफॉर्म काटे असतात, तसला एक दिवसभरासाठी मागून आणा. एक चाक काट्यावर, बाकी तिघांखाली काट्याच्या उंचीइतक्या विटा. पातळी नळीनं तपासा, नाहीतर आकडे खोटे येतील. तुम्ही सीटवर बसा, आकडा दुसऱ्याला वाचू द्या. पुढच्या एका चाकावर 130 किलो आले असं धरू. त्यातून चाक, हब, ब्रेक यांचे 25 वजा करा, कारण ते स्प्रिंगच्या खाली आहेत. राहिले 105.

आता ती कापलेली स्प्रिंग बाहेर काढा, मोठ्या ड्रिल मशीनखाली बाथरूमच्या वजनकाट्यावर उभी करा आणि 3 सेंटिमीटर दाबा. काटा 66 किलो दाखवत असेल तर ती सेंटिमीटरला 22 किलोची झाली. 105 किलोखाली ती पावणेपाच सेंटिमीटरच दबणार. आता एक हिशेब वहीत लिहून ठेवा : स्प्रिंग वजनाखाली जितके सेंटिमीटर दबते त्याचं वर्गमूळ काढा आणि 5 ला त्यानं भागा. गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली होऊ पाहते ते निघतं. तुमचं उत्तर सव्वादोनच्या पुढे येतं. घरच्या गाड्या एक ते दीडमध्ये असतात. तुमच्यासारख्या हलक्या, चपळ गाडीला दीड-पावणेदोन ठीक, म्हणजे स्प्रिंग दहा सेंटिमीटरच्या आसपास दबली पाहिजे.

त्यासाठी तार बारीक हवी. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो, म्हणून वेढे आणि व्यास तेच ठेवून 11 मिलिमीटरच्या जागी 9 मिलिमीटरची तार घेतली तरी कडकपणा निम्म्याहून खाली येतो, 22 चे जवळपास 10 किलो. स्प्रिंग वळून देणाऱ्याकडे हे आकडे लिहून न्या. "जरा मऊ द्या" म्हणालात तर तो त्याच्या अंदाजानं देईल. मोकळी लांबीही सांगा. गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लटकलं तरी स्प्रिंग वाटीत दाबलेलीच असली पाहिजे. तुमची कापलेली आज लटकत्या चाकावर हातानं फिरते का बघा. फिरत असेल तर तिच्यावर गाडी हलवूसुद्धा नका, एखाद्या उसळीत ती वाटीतून निसटेल.

मागच्या पाट्यांचं सोपं आहे. सारख्या जाडीच्या चार पाट्यांतला एक काढला की पाव कडकपणा जातो. मेन पाटा सोडून मधला एक काढा, सेंटर बोल्ट नवा घाला, यू-बोल्ट आवळा, पन्नास किलोमीटरनं पुन्हा आवळा. एवढं पुरे.

आता स्टिअरिंग. वळणानंतर ते परत न येण्याचं कारण बहुधा कॅस्टर, म्हणजे स्ट्रटचा मागे झुकलेला कोन. स्ट्रटचं वरचं टोक खालच्या बॉल जॉइंटच्या जितकं मागे, तितकं चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. जड गाडीत कमी कॅस्टर चालून जातो, पुढे 260 किलो असलेल्या गाडीत नाही. वरच्या माउंटच्या मध्यातून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि दोरी बॉल जॉइंटच्या किती मागे पडते ते मोजा. स्ट्रटची वरपासून खालपर्यंत उंची 60 सेंटिमीटर धरली तर प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे जवळपास 1 अंश. पाच सेंटिमीटर येऊ द्या. वरच्या माउंटची पट्टी तुम्हीच बनवली असणार, तेव्हा भोकं मागे सरकवायला कुणाची परवानगी नको. पण आधी रॅक काढून हातानं चाक फिरवून बघा. बॉल जॉइंट किंवा वरचं बेअरिंग घट्ट असलं तर कितीही कॅस्टर दिला तरी स्टिअरिंग परत येणार नाही.

हिसक्याचं मूळ त्या परक्या रॅकमध्ये आहे. चाक वरखाली होताना लोअर आर्म एका कमानीत फिरतो, टायरॉड (रॅकपासून चाकाला जाणारा दांडा) दुसऱ्या. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत की टायरॉड चाकाला खेचतो किंवा ढकलतो, तुमचा हात स्थिर असला तरी. हे मोजता येतं, आणि मशीन लागत नाही. स्प्रिंगा काढा, चेसी नेहमीच्या उंचीवर घोड्यांवर ठेवा, स्टिअरिंग बांधून टाका. जत्रेत मिळतो तसला लाल लेझर हबला घट्ट बांधा आणि तीन मीटर पुढच्या भिंतीवर ठिपका पाडा. हब जॅकनं एकेक सेंटिमीटर उचला, भिंतीवर पेन्सिलची खूण करत चला. पाच वर, पाच खाली. चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळलेलं असतं त्याला टो म्हणतात. बारा इंची रिमवरचा 1 मिलिमीटर टो भिंतीवर सेंटिमीटरएवढा दिसतो. मात्र हब स्वतःही आत-बाहेर सरकतो. ते सरकणं चेसीला समांतर दोरीपासून मोजून वजा करा. पहिल्यांदा मी हे विसरलो आणि एक चांगली रॅक दोन दिवस शिव्या खात बसली.

ठिपका वर जाताना एकीकडे आणि खाली येताना विरुद्ध बाजूला गेला तर रॅकची उंची चुकली आहे. रॅकखाली 3 मिलिमीटरची शिम, म्हणजे पातळ पट्टी, घाला, पुन्हा मोजा. खूण वाढली तर शिम नको, रॅकच खाली घ्या. वर आणि खाली दोन्ही वेळा ठिपका एकाच बाजूला सरकला तर चूक लांबीची, म्हणजे रॅकच्या आतल्या दोन जॉइंटांमधलं अंतर तुमच्या आर्मशी जुळत नाही. इथे बरेच जण टायरॉड एंड फिरवत बसतात. त्यानं फक्त टो बदलतो, आतला जॉइंट जागचा हलत नाही. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे हीच चूक निघेल. तसं झालं तर ती रॅक विका आणि ओम्नीचीच आणा. टायरॉड कापून वेल्डिंग करून लांबी जुळवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडा. स्टिअरिंगच्या कुठल्याही दांड्याला वेल्डिंग नाही, तापवून वाकवणं नाही.

क्रमही सांभाळा. आधी स्प्रिंग आणि उंची, मग कॅस्टर, मग रॅक, टो सगळ्यात शेवटी, दोन्ही चाकं मिळून 2 मिलिमीटर आत. कॅस्टर बदलला की टायरॉडचं बाहेरचं टोकही वरखाली होतं, म्हणून उलट्या क्रमानं गेलात तर तेच काम दोनदा कराल. एवढं झाल्यावर प्रत्येक कोपरा दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप आहेत तेच चांगले.

प्रश्न : आमच्या चिरंजीवांनी घरी अशीच गाडी बनवली आहे. आरटीओ पासिंग होईल का? (एक आई, विटा)

उत्तर : नाही, ताई. तुमच्या शेजारच्या देवराष्ट्र्याची भंगारातून केलेली गाडी 2021 साली देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी ती घेऊन बदल्यात बोलेरो दिली, पण नियमांत बसत नसल्यानं आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हेही त्यांनीच लिहिलं होतं. रस्त्यावर आणायच्या नव्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, एका गाडीसाठी ते परवडत नाही. जुन्या गाडीचं आरसी बुक वापरून नवी चेसी चालवू म्हणाला तर तेही नको, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. गाडी शेतात, मोकळ्या आवारात चालवू द्या, हेल्मेट आणि बेल्ट लावून.

प्रश्न : जुन्या जीपचं स्टिअरिंग 45 च्या आसपास थडथडतं. नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवला, आठ दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. (तासगाव)

उत्तर : पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खडखड गेली तर चाकाचं बेअरिंग सैल, राहिली तर किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक वळतं ती खीळ. मग डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे टायरॉड एंड बोलतील. पाट्यांच्या शॅकलचे बुशही बघा आणि चाकं बॅलन्स करून घ्या. डॅम्परवाल्याशी भांडायला जाऊ नका, बिचाऱ्या डॅम्परनं आठ दिवस दुसऱ्याचं काम केलं.