वाचकांचे प्रश्न : तिकिटांवरचे जंगल

प्रश्न : वडिलांच्या स्टॉकबुकात (तिकिटे खोचून ठेवायच्या वहीत) वन्यप्राण्यांची बरीच भारतीय तिकिटे आहेत. वाघ एका पानावर, पक्षी दुसऱ्या पानावर, अशी लावलेली आहेत. त्यांतून वन्यजीव संवर्धनाचा इतिहास कसा दिसेल? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : प्राण्यांप्रमाणे केलेली मांडणी मोडा आणि तिकिटे निघाली त्या वर्षांप्रमाणे लावा. सुरुवात १९६२च्या गेंड्यापासून करा. हे १५ नये पैशांचे (दशमान पद्धतीतल्या पैशांना सुरुवातीला असे म्हणत) तिकीट वन्यजीव सप्ताहानिमित्त निघाले होते. १९६३ साली गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ आणि सिंह अशी पाच तिकिटे आली. तारीख कळत नसेल तर किंमत पाहा : ‘नये’ हा शब्द जून १९६४ पासून गेला, त्यामुळे नये पैशांतली तिकिटे त्याआधीची.

पुढे एक पान मुद्दाम मोकळे सोडून त्यावर दोनच ओळी लिहा : १९७२, वन्यजीव संरक्षण कायदा; १९७३, व्याघ्र प्रकल्प. मग १९७६चा संच लावा. त्यातल्या बारशिंग्याखाली हे जरूर लिहा, की १९७०च्या मोजणीत कान्हात जेमतेम ६६ बारशिंगे उरले होते. एवढे लिहिले की ते नुसते सुंदर चित्र राहत नाही.

सर्वांत भरलेले पान १९८३चे होईल. कान्हा उद्यान, व्याघ्र प्रकल्पाची दहा वर्षे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची शताब्दी (धनेशाचे तिकीट) आणि सायबेरियन क्रौंच, सगळे त्याच वर्षी. क्रौंचाचे तिकीट पानाच्या मधोमध ठेवा. भरतपूरला येणारे हे पक्षी २००२ नंतर आलेच नाहीत. प्रत्येक तिकिटाखाली तीन गोष्टी हव्यात : कोणत्या निमित्ताने निघाले, तेव्हा प्राण्याची स्थिती काय होती, आज काय आहे. पुढेमागे प्रदर्शनात लावायचे असेल तर ए-४ आकाराची १६ पाने ठरवा. एका फ्रेममध्ये तेवढीच मावतात.

प्रश्न : न वापरलेली तिकिटे एकमेकांना चिकटली आहेत. पाण्यात टाकू का? (महाल, नागपूर)

उत्तर : नको. पाण्यात गोंद जातो आणि तिकिटाची किंमत निम्म्याहून खाली येते. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तळाशी ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, त्यावर जाळी आणि जाळीवर तिकिटे. तिकिटांना पाण्याचा थेंबही लागता कामा नये. दोन तासांनी चपट्या टोकाच्या चिमट्याने कोपरा उचलून पाहा. जोर लागत असेल तर परत ठेवा आणि दर अर्ध्या तासाने तपासा. जास्त वेळ राहिल्यास गोंद वितळून पसरतो, छेददार कडांतून बाहेर येतो आणि ते दुरुस्त होत नाही. सुटलेली तिकिटे गोंदाची बाजू वर करून सावलीत वाळवा.

हे पावसाळ्यातच होते असे नाही. आपल्याकडे मे महिन्यात कूलरची ओली हवा ज्या खोलीत भरते, तिथला अल्बमही चिकटतो. लोखंडी कपाटावर ठेवलेला अल्बम मात्र उलट तापतो, गोंदाला तडे जातात आणि तिकिटे गुंडाळतात. म्हणून कूलरपासून लांबच्या खोलीत, पुस्तकासारखा उभा ठेवा. आडवा ठेवला की वरच्या पानांचे वजन खालच्या तिकिटांवर पडते.

प्रश्न : जुन्या फर्स्ट डे कव्हरांवरची (तिकीट निघाले त्याच दिवशी शिक्का मारलेल्या पाकिटांवरची) तिकिटे कापून घेतली तर चालेल का? जागा फार लागते. (सदर, नागपूर)

उत्तर : कृपा करून कापू नका. पाकिटावरचा पहिल्या दिवसाचा शिक्का आणि त्याचे चित्र, हाच त्या दिवसाचा पुरावा असतो. सोबत डाक विभागाचे माहितीपत्रक असेल तर तेही त्याच पाकिटामागे ठेवा; तिकीट का निघाले ते त्यातच छापलेले असते. नवी तिकिटे चुकू नयेत म्हणून डाक विभागात फिलाटेली (तिकीटसंग्रह) ठेव खाते उघडा. किमान २०० रुपये भरले की तिकिटे घरी येतात.