आधी स्वयंपाकघर, मग समुद्रकिनारा

प्रश्न : मी मंडणगड तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका गावात राहते. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाले असून गेले चार हंगाम गावातील कासवमित्रांबरोबर काम करते. कासव महोत्सवाच्या दिवसांत आमच्या घरीही पर्यटक उतरतात. आता तीन महिने कोस्टारिकात जाऊन, तेथील कुटुंबात राहून स्पॅनिश शिकावे आणि कासवांच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक म्हणून काम करावे, असा विचार आहे. एका मध्यस्थाने पहिल्या दिवसापासून दोन्ही एकत्र करण्याचा कार्यक्रम सुचवला आहे. आईला परक्या घराची काळजी वाटते, आणि आजी म्हणते की कासवे तर इथेही आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : तुम्ही जरूर जावे, मात्र मध्यस्थाने सांगितलेल्या क्रमाने जाऊ नये. पहिले सहा आठवडे केवळ भाषेला द्यावेत आणि उरलेले किनाऱ्यासाठी ठेवावेत. अंडी घालायला येणाऱ्या कासवांसाठीची गस्त रात्री असते आणि भाषेचे वर्ग बहुधा सकाळी असतात. रात्रभर वाळू तुडवून आलेल्या माणसाच्या डोक्यात सकाळी क्रियापदांची रूपे शिरत नाहीत. शिवाय किनाऱ्यावर देशोदेशींचे स्वयंसेवक एकत्र आले की ते आपापसांत इंग्रजीतच बोलू लागतात, आणि ज्या भाषेसाठी एवढा खर्च केला तीच कानावर पडेनाशी होते.

भाषा येते ती घरात. भाषाशाळा सहसा स्वतःच यजमान कुटुंब ठरवून देते. स्वतंत्र खोली, सकाळचा नाश्ता, रात्रीचे जेवण आणि दिवसाला चारेक तास वर्ग अशी साधारण व्यवस्था असते. मी स्वतः ग्वातेमालातील अँटिग्वा या गावी अशा घरात राहून शिकले. तेथे एका शिक्षकासमोर एकच विद्यार्थी बसवण्याची पद्धत आहे, आणि तिचा मला फार उपयोग झाला. तरीही सकाळी वर्गात घोटलेला भूतकाळ खऱ्या अर्थाने अंगवळणी पडला तो रात्री जेवताना, ‘आज काय काय केले?’ या रोजच्या प्रश्नाला उत्तर देताना. माझी चुकलेली रूपे त्या घरातील आठ वर्षांची मुलगी अगदी गंभीरपणे दुरुस्त करीत असे. म्हणून वर्ग सुटल्यावर खोलीत जाऊन दार लावून घेऊ नका. स्वयंपाकघरात जा, भांडी पुसायला घ्या, घावन किंवा सोलकढी करून दाखवता आली तर तीही करा. कोकमे सोबत न्यायची असतील तर तेथील सीमाशुल्काचे नियम मात्र आधी पाहून घ्या.

मराठी माणसाला स्पॅनिश शिकताना एक मोठी सोय आहे, आणि ती इंग्रजीतून शिकवणाऱ्या पुस्तकांत कधी सांगितलेली नसते. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. वाक्याची घडण हुबेहूब आपली आहे. क्रियापद आंब्याप्रमाणे चालते, आवडणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. इंग्रजी बोलणारे येथे आठवडेच्या आठवडे अडखळतात. निर्जीव वस्तूंना लिंग असते याचेही आपल्याला नवल नाही, आणि आपल्या तीन लिंगांऐवजी तेथे दोनच आहेत. त्यामुळे स्पॅनिशचा विचार इंग्रजीमार्गे न करता थेट मराठीतून करा. आदरार्थी संबोधनाबाबत मात्र सावध राहा. आपण आईला ‘तू’ म्हणतो; कोस्टारिकात ‘उस्तेद’ हे आदरार्थी सर्वनाम घरातल्या घरात, अगदी लहान मुलांशी बोलतानाही सर्रास वापरले जाते. तेव्हा यजमान आईने तुम्हाला ‘उस्तेद’ म्हटले तर तो दुरावा समजू नका.

तुमच्या आईची काळजी रास्त आहे, आणि तिचे उत्तर तिच्याच घरात आहे. महोत्सवात ती अनोळखी माणसांना ज्या नजरेने पारखून घरात घेते, तीच नजर आता उलट दिशेने वापरायची. त्या घरी आणखी कोण विद्यार्थी राहतात, खोलीला आतून कडी आहे का, शाळेपासून घरापर्यंत अंधार पडल्यावर कसे यायचे, घर पटले नाही तर बदलून कोण आणि किती दिवसांत देईल, हे शाळेला लेखी विचारा. घर बदलून मागण्यात संकोच नको. पुष्कळांना ते करावे लागते. जेवणाबाबत स्पष्ट बोला, कारण तेथे ‘कार्ने’ म्हणजे मांस असे म्हटले की बहुधा गोमांसच समजले जाते, आणि काही घरांत उसळीसारख्या काळ्या घेवड्यातही डुकराची चरबी घालतात. सकाळचा ‘गाय्यो पिंतो’, म्हणजे भात आणि घेवडा एकत्र परतलेला, कोकणी पोटाला सहज मानवेल. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे. तेथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा झालेले असतात, म्हणजे आईशी रोज बोलायला उत्तम वेळ.

हंगाम तुमच्या बाजूने आहे. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले जातीची कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात आणि एप्रिल-मेपर्यंत काम आटोपते; कॅरिबियन बाजूच्या तोर्तुगेरोला हिरव्या कासवांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर असतो. तेथे १९५०च्या दशकापासून कासवांचा अभ्यास चालू आहे. प्रकल्प निवडताना एकच गोष्ट नीट पाहा : स्वयंसेवक नसतानाही तो गावकऱ्यांच्या बळावर चालतो का? आपल्या वेळासमध्ये २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने काम सुरू केले आणि ते गावाने उचलून धरले. तोच निकष तेथेही लावा. मध्यस्थ कासवांऐवजी अनाथाश्रमातील मुलांसोबत काही आठवडे काम सुचवू लागला, तर निक्षून नकार द्या. दर महिन्याला नवा चेहरा येतो, लळा लावतो आणि निघून जातो, याने त्या मुलांचे नुकसानच होते.

व्हिसासाठी दिल्लीतील कोस्टारिकाच्या दूतावासाकडून, विनामोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख करून, लेखी उत्तर घ्या. ब्राझील, कोलंबिया किंवा पेरूतही जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागेल. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते.

आजीला सांगा, ती बरोबर बोलते आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओस्तिओनाल गावी येते ती आपलीच ऑलिव्ह रिडले, तिला तेथे ‘तोर्तुगा लोरा’ म्हणतात. पण ती एकेकटी नव्हे, हजारोंच्या संख्येने एकाच वेळी येते, आणि आधी आलेल्या कासवांची अंडी मागून येणाऱ्या कासवांकडूनच उकरली जाणार असल्याने ती काढून विकण्याची गावकऱ्यांना कायदेशीर परवानगी आहे. एकेक घरटे जपणाऱ्या तुमच्या गावाला हे ऐकून धक्का बसेल. त्यावर त्या गावातील बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलता यावे, याकरिताच ते सहा आठवडे आहेत. निघण्यापूर्वी तुमच्या घरट्यांच्या नोंदवहीतील शब्द स्पॅनिशमध्ये लिहून काढा : घरटे ‘निदो’, अंडे ‘उएवो’, हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्याची जागा, ‘बिबेरो’. पहिल्या रात्री तेच लागतील.