त्या दोन संध्याकाळी तुम्ही डोळे मिटून का बसलात?

*ताई, माझ्या धाकट्या भावाने तीन वर्षांपूर्वी दुसरा धर्म स्वीकारला. त्याला माझी हरकत नव्हती. तो पूर्वीपेक्षा शांत झालाय, हे मलाही दिसतं. पण तेव्हापासून तो माझ्या मागे लागलाय. रोज सकाळी वचनं पाठवतो, भेटला की बोलणं तिकडेच नेतो. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला त्याने धर्मकथांचं चित्रांचं पुस्तक दिलं. त्याचं मन राखायला मी दोनदा त्याच्या प्रार्थनासभेला जाऊन आले, सगळ्यांसारखी डोळे मिटून बसले. तरी त्याचं समाधान नाही. श्रद्धाळू माणसांना आपला धर्म दुसऱ्याच्या गळ्यात घालायची एवढी घाई का असते? मी त्याच्या श्रद्धेचा मान राखते, तो माझा का राखत नाही? — त्रासलेली बहीण*

पत्रातलं एक वाक्य तुम्ही भराभर लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. दोनदा सभेला गेलात आणि डोळे मिटून बसलात. तुमच्या लेखी ते भावाचं मन राखणं होतं. त्याला काय दिसलं? ज्या बहिणीसाठी तो तीन वर्षं रोज काहीतरी मागतोय, ती आपल्या पायांनी आली, सगळ्यांमध्ये बसली, डोळे मिटले. आणि पुन्हा एकदा आली. आपलं मागणं ऐकलं गेलं, असं त्याला वाटलं नसतं तरच नवल. आता तो आणखी जोर लावतोय, तर तुम्ही त्याला मागे लागणारा म्हणता. तुम्ही त्याच्या श्रद्धेचा मान राखलेला नाही. त्याला जी गोष्ट सर्वांत पवित्र वाटते, तिथे जाऊन तुम्ही त्याला खोटी आशा दाखवलीत.

तुमच्या ‘का’चं उत्तर देते, कारण ते कळल्याशिवाय त्या दोन संध्याकाळींचं वजन तुम्हाला कळणार नाही.

सगळेच धर्म माणसं गोळा करत नाहीत. ज्यू परंपरेत धर्मात येऊ पाहणाऱ्याला आधी तीनदा परत पाठवण्याची रीत सांगितली जाते. पश्चिम आशियातल्या द्रूझ पंथाच्या लोकांनी तर अकराव्या शतकातच नव्या माणसांसाठी दार बंद केलं. म्हणजे श्रद्धा आली की प्रचार आलाच, असं मुळीच नाही. ज्या धर्मांत प्रचार आहे, तिथे तो बहुधा आज्ञा म्हणून आलेला असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायात येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांकडे जायला सांगतो. कुराणाच्या १६व्या सूरेत लोकांना शहाणपणाने आणि चांगल्या उपदेशाने बोलवा, असं सांगितलं आहे आणि दुसऱ्या सूरेत धर्मात सक्ती नाही, असंही बजावलं आहे. बुद्धाने भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी फिरत राहायला सांगितलं. असा आदेश मानणाऱ्या माणसाने गप्प बसायचं ठरवलं, तर त्याच्या हिशेबी तो कर्तव्य चुकवतोय.

त्यात भीती मिसळते. ज्याला मरणानंतरचं सुख आणि शिक्षा दोन्ही खरी वाटतात, त्याच्या दृष्टीने तुमचं आजचं निवांत असणं धोक्याचं आहे. बहीण रुळावर उभी आहे आणि तिला गाडीचा आवाज ऐकू येत नाही, असं त्याला वाटत असेल, तर तो हळू आवाजात हाक मारेल का? ती गाडी आहे, हे तुम्ही मानायची गरज नाही. पण ती येतेय असं त्याला वाटतं, हे ध्यानात ठेवा. मग सकाळच्या वचनांत तुम्हाला उर्मटपणा दिसणार नाही.

आता तुम्हीच का? समाजशास्त्रज्ञ जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या नव्या पंथाचा अभ्यास करून १९६५मध्ये दाखवून दिलं की माणसं पंथात येतात ती मुख्यतः तिथल्या माणसांशी जवळीक झाल्यामुळे. शिकवण बऱ्याचदा नंतर पटते. स्टार्कने पुढे अमेरिकेतल्या मॉर्मन या धर्मपंथाच्या प्रचारकांच्या नोंदींवरून सांगितलेला हिशेब तर फार बोलका आहे. अनोळखी दारं ठोठावली, तर साधारण हजार दारांमागे एक माणूस पंथात येई. तीच पहिली भेट मित्राच्या किंवा नातलगाच्या घरी झाली, तर निम्म्या वेळा यश येई. नव्या माणसाला आधी घरच्यांकडे, मित्रांकडे जायला सांगतात, त्यामागे हा अनुभव असतो. शिवाय धर्म बदलणाऱ्याचं मागे बरंच काही सुटतं: सण, बोलण्याचे विषय, एकत्र बसायची निमित्तं. तुम्ही आलात, तर त्यातलं काही त्याला परत मिळेल. हा भाग त्याने तुम्हाला बोलून दाखवला नसेल. कदाचित त्याला स्वतःलाही तो नीट दिसत नसेल.

दुसऱ्याला सांगता सांगता सांगणाऱ्याची श्रद्धा घट्ट होते, हेही खरं. तबलीगी जमातीत महिन्याला तीन दिवस, वर्षाला चाळीस दिवस घराबाहेर पडायची पद्धत आहे. ते मुख्यतः मुसलमानांनाच धर्माचं आचरण करायला बोलावतात आणि निघालेल्याची स्वतःची सुधारणा हा त्यांचा उघड हेतू असतो. मात्र यावरून, ‘प्रचार करणारा मनातून डळमळीत असतो’ असा निष्कर्ष काढून मोकळं होऊ नका. तो फार सोपा आहे. आपल्याला त्रास देणाऱ्याला कमकुवत ठरवलं की बरं वाटतं, म्हणून तो लोकांना आवडतो.

आणि तुमचा भाऊ मर्यादा ओलांडतोय का? संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या १८व्या कलमात धर्म बदलण्याचं आणि तो शिकवण्यातून, आचरणातून प्रकट करण्याचंही स्वातंत्र्य आहे. सांगणं आणि दबाव आणणं यांतला फरक युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९३मध्ये कोक्किनाकिस खटल्यात मांडला. मिनोस कोक्किनाकिस हा ग्रीसमधला यहोवा साक्षीदार, म्हणजे घरोघरी प्रचार करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा माणूस. एका बाईच्या घरी जाऊन धर्मावर चर्चा केली, म्हणून त्याला शिक्षा झाली होती आणि प्रचारापायी एकूण साठाहून अधिक वेळा अटक. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. गैर प्रचार ओळखायच्या खुणा त्या निकालात आहेत: फायद्याचं आमिष, अडचणीत सापडलेल्या माणसावर दबाव, हिंसा, मेंदूवर कब्जा मिळवणं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तो सांगतोय, एवढंच. ‘नको’ तुम्ही अजून म्हटलेलं नाही.

ते म्हणा. माझं एवढंच सांगणं आहे.

त्याला एकट्याला भेटा. मेसेजवर नको, कारण तो मेसेज सभेतल्या कोणाला तरी दाखवला जाईल आणि उत्तर ठरवून येईल. सभेच्या दिवशी नको, कोणाच्या आजारपणात नको, सणाला नको. बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत बोला, नाहीतर गप्पांत ते राहून जाईल. शब्द साधारण असे: “मी दोनदा तुझ्या सभेला आले, ती तुझ्यासाठी आले होते. माझ्या मनात श्रद्धा नव्हती. मी तुला तसं भासू दिलं, ते चुकलं. मी तुझा धर्म स्वीकारणार नाही.” यातलं तिसरं वाक्य गाळू नका. ते नसेल, तर उरलेलं सगळं त्याला अचानक आलेल्या रागासारखं ऐकू येईल.

तो ‘का’ विचारेल. कारण देऊ नका. इथेच बहुतेकांचं बिनसतं. ‘वेळ नसतो’ म्हटलं, तर तो तुमच्या सोयीची वेळ शोधेल. ‘शंका आहेत’ म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात उत्तरं आणि पुस्तिका येतील. ‘घरच्यांना आवडणार नाही’ म्हटलं, तर तो घरच्यांशी बोलायला येईल. प्रत्येक कारणावर तोडगा निघतो आणि तोडगा काढायचं शिक्षण अनेक गटांत रीतसर देतात. “मला नको आहे” याच्यावर तोडगा नाही. तो रडला, तर रडू द्या, जवळ बसा. पण त्याला बरं वाटावं म्हणून ‘पुढे कधीतरी बघू’ म्हणू नका. तुमची ती सवय पत्रातून दिसतेच आहे.

त्यानंतर काही आठवडे वचनं वाढण्याचीच शक्यता जास्त. अधूनमधून प्रतिसाद मिळत आलेला प्रयत्न प्रतिसाद बंद झाल्यावर आधी जोर धरतो, मग ओसरतो. तुम्ही दोनदा गेलात, म्हणून तो जोर थोडा जास्त असेल. या काळात एकदा जरी सभेला गेलात, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वचनांना उत्तर देऊ नका, त्याच्या बाकीच्या मेसेजना मात्र लगेच द्या. सभेतल्या दुसऱ्या कोणी फोन केला, तर “माझं नाव तुमच्या यादीतून काढा” एवढं एकदाच सांगा. यहोवा साक्षीदारांसारखे काही गट ‘इथे जाऊ नये’ अशा घरांची नोंद ठेवतात. विनंती केली की ती सहसा पाळली जाते. तो घरी बसून तुमच्यासाठी प्रार्थना करत असेल, तर तिला हात लावू नका. ती त्याची आहे.

मुलीच्या पुस्तकाबद्दल मी इतकी मऊ नाही. मुलांना धर्माचं शिक्षण आपल्या श्रद्धेप्रमाणे देण्याचं स्वातंत्र्य आईवडिलांचं आहे. १९६६च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १८व्या कलमातही ते आहे. त्याच भेटीत सांगा: “तिला धर्माचं काहीही द्यायचं असेल, तर आधी मला विचार.” दिलेलं पुस्तक हिसकावून घेऊ नका, नाहीतर ते तिला आणखी हवंसं वाटेल. एकदा तिच्यासोबत बसून वाचा आणि मामाला हे खरं वाटतं, असं सांगा.

आणि मग त्याला एक गोष्ट विचारा, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आयुष्यात असं काय चाललं होतं की त्याला ही वाट धरावीशी वाटली? तुम्ही म्हणता, तो आता शांत आहे. म्हणजे तेव्हा नव्हता. उत्तर ऐकताना वाद घालू नका, मध्ये बोलू नका. तो तुम्हाला इतके दिवस बोलावतोय, त्यात हे सांगायचं राहून गेलं असेल. त्याच्या पुढच्या आमंत्रणाची वाट न पाहता आज फोन करून भेट ठरवा आणि एकट्याच जा.