माळ्यावरच्या ट्रंकेतली पदकं कोणाची?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आम्ही सातारा जिल्ह्यात एक जुनं घर रीतसर खरेदीखत करून घेतलं. दुरुस्तीसाठी माळा रिकामा करताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत दोन पदकं, ब्राँझची एक मोठी गोल चकती आणि मोडीत लिहिलेल्या कागदांची पुरचुंडी होती. पदकांच्या कडेवर इंग्रजीत नंबर, हुद्दा सिपाही, एक नाव आणि ‘११७ मराठा’ असं कोरलेलं आहे. घर विकणारे म्हणतात, ‘हे नाव आमच्या घराण्यातलं नाही. आजोबा सावकारी करायचे, कुणी गहाण ठेवलं असेल. घर दिलं तेव्हा आतलं सगळं तुम्हाला दिलंच.’ एक संग्राहक साठ हजार रुपये द्यायला तयार आहे. पत्नी म्हणते, वारस शोधून परत करा. शंभर वर्षांनंतर कुणाचा हक्क उरतो का? आणि शोधायचं कसं?

उत्तर : तुमच्या पत्नीचं म्हणणं कायद्यालाही धरून आहे. संग्राहकाला आजच नकार कळवा.

आधी खरेदीखत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८ प्रमाणे घरासोबत कुलपं, किल्ल्या, गज, दारं, खिडक्या अशा घराच्या कायम वापरासाठीच्या वस्तू येतात. माळ्यावरची ट्रंक त्यात बसत नाही. विकणाऱ्याने तोंडी ‘दिलं’ म्हटल्यानेही काही होत नाही, कारण जे आपलं नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. आणि ते आपलं नाही, हे तर ते स्वतःच सांगतायत.

मुदतीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. ‘तीन वर्षं उलटली, आता कोण विचारतो?’ असं लोक धरून चालतात. मुदत तीन वर्षांचीच आहे, पण ती मोजायची कधीपासून, यावर सगळं अवलंबून आहे. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ६८ नुसार हरवलेल्या किंवा अप्रामाणिकपणे बळकावलेल्या वस्तूसाठी ती सुरू होते हक्कदाराला वस्तू कोणाकडे आहे हे पहिल्यांदा कळल्यापासून. गहाण टाकलेल्या वस्तूबद्दल अनुच्छेद ७० म्हणतो : मागणी करून नकार मिळाल्या तारखेपासून. म्हणजे त्या सिपायाच्या पणतूला आजवर काहीच माहीत नसेल, तर त्याचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही. गहाणाची गोष्ट खरी असली, तरी सावकार त्या पदकांचा मालक झाला नव्हता. कर्ज फिटेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवायची आणि वाजवी नोटीस देऊन विकायची, इतकाच त्याचा अधिकार. इथे विक्री झालेलीच नाही. पहिल्या महायुद्धाच्या अशा दोन पदकांच्या जोडीत एक पदक चांदीचं असतं. दुष्काळात घरातली एवढीशी चांदीही सावकाराकडे गेली असेल, आणि ती सोडवायला कुणी आलं नसेल, हा विचार मला अस्वस्थ करतो.

तुमचं स्थान आज ‘वस्तू सापडलेल्या माणसा’चं आहे. करार कायद्याचं कलम ७१ तुम्हाला दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळणाऱ्याइतकंच जबाबदार धरतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ (जुन्या भारतीय दंड संहितेचं ४०३) सांगतं की मालकाला परत देण्यासाठी वस्तू जवळ ठेवणं हा गुन्हा नाही. पण मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न न करता ती आपलीशी केली, तर गुन्हा होतो, आणि शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं आहे. पदकावर नाव, नंबर, पलटण कोरलेली असताना ‘शोधायला साधनच नव्हतं’ हे कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. १८७८ चा निखात निधी (पुरलेलं धन) कायदा इथे लागत नाही, कारण ट्रंक माळ्यावर नुसती ठेवलेली होती, पुरलेली किंवा बुजवलेली नव्हती. भिंतीत बुजवलेल्या देवळीतून निघाली असती तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं. संग्राहक परदेशी माल पाठवणारा असेल तर आणखी एक अडचण होती. शंभर वर्षं जुनी ऐतिहासिक वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, तशी मनाई पुरावस्तू कायदा १९७२ मध्ये आहे.

आता शोध. ती ब्राँझची चकती सगळ्यात जास्त सांगते. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना ती ब्रिटिश सरकारने दिली होती. म्हणजे हा सिपाही घरी परतला नाही. ११७ मराठा पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली होती. तिथल्या टेसिफॉनच्या लढाईनंतर फौज कुत-अल-अमारा या गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा चालला, शेवटी उपासमारीने शरणागती झाली, आणि पुष्कळ जण कैदेत मरण पावले. तुमचा सिपाही यांपैकी कुठे वारला हे कागद सांगतील.

पहिला शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर घ्या. तो फुकट आहे. नाव, नंबर आणि पलटण टाका. भारतीय सिपायांच्या नोंदीत अनेकदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. स्पेलिंग ब्रिटिश कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं असतं, तेव्हा चार-पाच प्रकारे टाकून पाहा. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी इराकमध्ये बसऱ्याला उभारलेल्या युद्धस्मारकाचा फोटो बघून निराश होऊ नका. तिथल्या फलकांवर साध्या भारतीय जवानांची नावं कोरलीच नव्हती, त्यांची फक्त संख्या होती. नावं वहीत राहिली. त्यामुळे आपल्या माणसाचं नाव दगडावर बघणं त्याच्या घरच्यांना कधी जमलंच नसेल. या पदकाची कडा त्यांच्या हातात पडावी असं मला फार वाटतं, ते म्हणूनच.

दुसरं पत्र बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला. ११७ ची पलटण १९२२ च्या फेररचनेत याच रेजिमेंटची पाचवी बटालियन झाली. पत्ता मागू नका. ‘नातेवाईक सापडल्यास हे पत्र त्यांच्याकडे पोचवावं’ अशी विनंती करा. सोबत साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयालाही लिहा.

गाव कळलं की खरं काम तिथे. तहसील कार्यालयातली जुनी कोतवाल बुकं आता कुणबी नोंदींमुळे सगळ्यांना माहीत झाली आहेत. त्यात त्या घराण्याच्या जन्ममृत्यूच्या नोंदी मिळू शकतात. जमीन असेल तर जुने फेरफार आणि वारस नोंदी पिढ्यांची साखळी जोडून देतात. आणि गावात शिरताच चावडीपाशी, देवळापाशी नजर टाका. आपल्या जिल्ह्यात अपशिंग्यासारखी फौजी गावं आहेत. ‘या गावातून इतके जण महायुद्धात गेले’ अशी संगमरवरी पाटी अजून भिंतीत असते.

एक काळजी घ्या. नंबर आणि बापाचं नाव गावात कुणालाही सांगू नका, फोटोतही कडा दाखवू नका. एकाच नावाचे दहा सिपाही निघतील आणि दावेदारही. जो स्वतःहून बापाचं नाव सांगेल आणि कागदाने जोडून दाखवेल, तोच खरा. मोडीचे कागद जाणकाराकडून वाचून घ्या, मूळ प्रत हातची सोडू नका. चांदीला पॉलिश लावू नका, अक्षरं झिजतात.

वारस एकाऐवजी वीस निघाले तर? सक्सेशन सर्टिफिकेट मागू नका, ते कर्जं आणि रोख्यांसाठी असतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, फेरफाराची नक्कल आणि बाकीच्यांचं संमतिपत्र घेऊन एकाच्या हाती द्या. पावतीवर दोन गावकऱ्यांच्या सह्या. सांभाळायला झालेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याचं कलम १६८ देतं. तो वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि वर्षभर खरा प्रयत्न करूनही कुणी मिळालं नाही, तर बेळगावच्या रेजिमेंटच्या संग्रहालयाला द्या, ‘वारस आल्यास परत करावं’ अशी लेखी अट घालून.

आज करायचं ते इतकंच : ट्रंकेतल्या प्रत्येक वस्तूची तारखेसह यादी करा, घर विकणाऱ्यांची त्यावर सही घ्या आणि कोऱ्या सुती कापडात सगळं गुंडाळून ठेवा.