ठाण्यात ओटी (ऑपरेशन थिएटर) नर्स म्हणून लागायच्या आधी स्क्रबिंग-गाऊनिंग (ऑपरेशनआधी हात धुणं आणि स्टराइल म्हणजे निर्जंतुक गाऊन-ग्लोव्ह घालणं) ऑनलाइन शिकलं तर चालेल का?

थिअरीपुरतं चालेल. नखं कापायची, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात कोपरापेक्षा वर धरायचे म्हणजे पाणी बोटांकडून कोपराकडे उतरतं, स्क्रब साधारण २ ते ५ मिनिटं, ब्रशने खरवडायची गरज नाही, हे सगळं व्हिडिओत मागे-पुढे करून मस्त कळतं.

घोळ होतो गाऊनिंगला. बोटं कफच्या बाहेर न काढता बाहीच्या आतूनच ग्लोव्ह पकडायचा असतो, त्यात अंगठा हमखास अडकतो, आणि मागच्या नाड्या बांधायला दुसरं माणूस लागतंच. गाऊनची पाठ स्टराइल धरत नाहीत हे घरी एकट्याने करताना कुणी लक्षातच ठेवत नाही.

कोर्स करा खुशाल, पण ठाणे-कळव्याकडे जिथे लागाल तिथल्या ओटीतल्या सिनियर सिस्टरना दोन-चारदा करून दाखवा, त्या लगेच टोकतात (थोडं रागावतात पण).